बरणीतला केस

हिरामण,

मायना लिहीत बसत नाही. तुला त्याचं कौतुक नव्हतं आणि मला तेवढा धीर नाही. मुद्द्याचं लिहिते. पुतळाचा केस अजून माझ्याकडेच आहे. बरणीत, घुशीच्या गालात, तू बांधलास तिथेच. सत्तावीस वर्षं झाली. तुझ्या तेराव्याला मी मोरखारला आले तेव्हा ओट्यावर माझा हात घट्ट धरून पुतळा म्हणाली, "म्याडमबाय, आता तरी आमचा केस आनून द्या." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि तू तर तुमच्या निशिगंधाच्या हळदीत मला बाजूला घेऊन बजावलं होतंस की काही झालं तरी तो काढायचा नाही. आता मी ऐकायचं कोणाचं? नवरा-बायकोनं आपसात मिटवायची गोष्ट. मला कशाला मध्ये घेतलंत? तू तर सुटलास. उद्या मंगळवार आहे. उद्या येते असं मी निशिगंधाला फोनवर कबूल करून बसले आहे.

एवढं लिहून सुनयनाबाई परचुऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यात अर्थ नाही हे त्यांना कळत होतं. बत्तीस वर्षं शरीररचना शिकवली होती त्यांनी, मेल्यावर कान ऐकत नाहीत हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण कामोठ्याच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुसरं भांडायला होतं कोण?

बरणी समोर जेवणाच्या टेबलावर होती. आतलं फॉर्मॅलिन चहासारखं पिवळट झालेलं. त्यात घुशीचं अर्धं तोंड, कातडी आतून बाहेर उलटवलेली, आणि डोळ्याखालून मिशांकडे पसरत गेलेला काळ्या धाग्यांचा पंखा. वर चिकटपट्टीवर सुनयनाबाईंचंच अक्षर : "डावा गाल, क्र. ७, बाद."

हिरामण घरत, सुनयनाबाई शिकवत त्या दातांच्या कॉलेजात आला तो पंचाण्णव साली, हंगामी शिपाई म्हणून. मोरखारच्या घरतांची भातशेती भूसंपादनात गेली होती, मिठागरं तर आधीच थांबली होती. खाडीत जाळं लावायचं आणि दिवसा मिळेल ते करायचं. कॉलेजनं त्याला उंदरांच्या पिंजऱ्यांवर नेमलं, कारण तिथे दुसरं कोणी टिकत नव्हतं. चाळिशीला आलेला गडी, काळा, काटक, आणि मिशी अशी की बघणाऱ्याचं लक्ष आधी तिच्याकडे जावं.

सुनयनाबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते जेवणाच्या सुट्टीत. पिंजराघराच्या मागे उकिडवा बसून तो फाटकं जाळं सांधत होता. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातात बांबूची सुई. डोळे भलतीकडेच, रस्त्यावरच्या ट्रककडे, आणि बोटं आपली चाललेली. गाठ पडत होती ती दिसतही नव्हती.

"न बघता कसं जमतं रे?"

"बगाचा कशाला, म्याडम? बोटांना कलते."

त्याच आठवड्यात त्यांनी त्याला पिंजऱ्यांवरून उचलून आपल्या खोलीत आणलं. विभागप्रमुखांनी भुवया उंचावल्या. "आठवी नापास माणूस मायक्रोस्कोपवर?" सुनयनाबाई म्हणाल्या, "तुमचे बारावी पास दोघे दोन महिन्यांत चार घुशी वाया घालवून गेलेत. हा निदान पाचवी घालवेल."

काम काय होतं, तर मिशांच्या नसा शोधायच्या. उंदीर-घुशींना अंधारात दिसतं कुठे? गालावरच्या मिशा हलवून, चाचपून त्या वाट काढतात. मिशी स्वतः निर्जीव, नखासारखी. जाणीव सगळी तिच्या मुळाशी. प्रत्येक मुळाभोवती रक्तानं भरलेली एक इवलीशी पिशवी, आणि त्या पिशवीत खालून शिरणारी एक स्वतंत्र दोरी, म्हणजे त्या मिशीची नस. या सगळ्या दोऱ्या डोळ्याखालच्या हाडाच्या खिडकीतून एकत्र बाहेर पडतात आणि मग फुटत जातात. पांढऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदराचं हे सगळं पुस्तकात होतं. आपल्याकडच्या बांधावरच्या दांडग्या घुशीचं नीट चित्र सुनयनाबाईंना कुठे सापडलं नव्हतं. त्यांना ते काढायचं होतं. का, असं विचारलं की त्या चिडायच्या. "का म्हणजे? माहीत नाही म्हणून!"

हिरामणनं 'का' विचारलं नाही. त्यानं पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपच्या दुर्बिणीखाली तो गाल बघितला आणि म्हणाला, "म्याडम, ही तर मिठागराची मांडनी हाय."

आणि होतीच. मिशा पाच रांगांत उभ्या असतात, जशा मिठागरात वाफ्यांच्या रांगा. पण मागच्या कडेला चार मिशा अशा असतात की त्या कुठल्याच रांगेत बसत नाहीत, दोन रांगांच्या मध्येच उभ्या. पुस्तकात त्यांना ग्रीक अक्षरं दिलेली. हिरामण त्यांना 'बांधावरच्या' म्हणू लागला आणि महिन्याभरात सुनयनाबाईही म्हणू लागल्या. बांधावरची पहिली, बांधावरची दुसरी. या चौघींच्या दोऱ्या वरच्या रांगेच्या जुडग्यातून येतात की खालच्या, हाच तर खरा प्रश्न होता.

सुनयनाबाईंची रीत पुस्तकातली. डोळ्याखालच्या जाड बुंध्यापासून सुरुवात करायची आणि एकेक फांदी सोडवत मिशीपर्यंत जायचं. दोन घुशी तशा फुकट गेल्या. फांद्या मध्येच तुटायच्या. तिसऱ्या वेळी हिरामणनं सुई खाली ठेवली.

"तुमी उलट्या चालल्याव, म्याडम."

"मी उलटी? आणि पुस्तक?"

"पुस्तकाला मीठ पिकवाचा नाय. वाफ्यान पानी कनच्या पाटातून आला ता बगाला कोन खाडीच्या तोंडाशी जाऊन बसते? वाफ्यापासून मागं मागं जावाचा. पाट आपसूक गावते."

"बरं, जा मागं," त्या वैतागून म्हणाल्या. "तुटली तर तुझा पगार कापते."

नाही तुटली. तो मिशीच्या मुळापासून मागे निघाला आणि संध्याकाळपर्यंत एका दोरीसह डोळ्याखाली पोचला. सौम्य आम्लात मऊ केलेलं हाड, काळ्या रंगात बुडवून गडद केलेल्या नसा, मेणाच्या ताटलीत पाणी, आणि त्या पाण्यात हिरामणची बोटं. सुनयनाबाईंना वाटायचं आपण श्वास सोडला तरी काहीतरी हलेल. हा मात्र आगरी गाणी गुणगुणत काम करायचा. गाणी कसली, सगळ्या गावातल्या लोकांच्या कुचाळक्या!

सातव्या घुशीचा डावा गाल पूर्ण व्हायला अडीच महिने लागले. अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा. पंखा लावायची सोय नव्हती, पाणी हललं असतं. दोघं घामानं निथळत. दुपारी तो डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट अर्धी त्यांच्यापुढे सरकवायचा, आणि परचुऱ्यांची सून ती मिटक्या मारत खायची. घरी सांगायची नाही. ते दिवस आठवले की आजही सुनयनाबाईंना आधी फॉर्मॅलिनचा नाही, सुकटीचा वास यायचा.

गाल पूर्ण झाला आणि त्यांनी अकरा दिवस बसून चित्र काढलं. बांधावरच्या दुसरीची दोरी वरच्या रांगेतून आलेली स्पष्ट दिसत होती. पुस्तकातल्यापेक्षा वेगळंच! विभागप्रमुखांना सांगून झालं, मोठ्या पाकिटावर पत्ता लिहून झाला. या चित्राच्या जोरावर हिरामणला कायम करायचं पत्रही टाइप होऊन आलं होतं. पाकीट चिकटवता चिकटवता त्या सहज म्हणाल्या, "बांधावरच्या दुसरीनं कमाल केली बघ."

हिरामण हसला. "ती लय नाजूक होती, म्याडम. तुटली होती. पन मी सांधली."

"काय केलीस?"

"सांधली. पुतलाचा केस होता शर्टाला लागलेला, बरोब्बर दोरीएवढा जारा. वरच्या जुरग्याला गाठ मारली."

सुनयनाबाईंनी बरणी उघडली, गाल ताटलीत ठेवला, दुर्बिणीखाली घेतला. काळ्या दोऱ्यांत एक दोरी चमकत होती. नस चमकत नाही. केस चमकतो. अकरा दिवस त्यांनी ती चमक बघितली होती आणि पाण्याची तिरीप समजून सोडून दिली होती.

मग त्या जे बोलल्या ते पुढच्या खोलीतल्या मुलांनीही ऐकलं. फसवलंस. अडाणी तो अडाणीच. माझं नाव मातीत घातलं असतंस. हिरामण उभा राहिला, हात मागे बांधून. शेवटी एवढंच म्हणाला, "सांधलेल्या जाल्यान पन मासा येतेच ना, म्याडम? फाटका टाकून देयाचा, ह्या आमाला कोनी शिकवला नाय."

त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या गावात बांध फुटला की बुजवायचा, जाळं फाटलं की सांधायचं. तुटलेली वस्तू तुटलेली म्हणून समोर ठेवणं हा त्याच्या लेखी आळस होता. आणि सुनयनाबाईंनी तरी त्याला कधी सांगितलं होतं, की बाबा, तुटलं तर तुटलं म्हण? नव्हतं सांगितलं. हे त्यांच्या लक्षात आलं आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत आणि कायम करायचं पत्र त्यांच्या खणात पडून राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी हिरामण एक गोणपाट घेऊन दारात. गोणपाट हलत होतं.

"मोरखारच्या बांधावरच्या हायत. तीन हायत. या खेपेला तुटली त बोंबलून सांगन."

दोन महिने परत सगळं. आठव्या घुशीची बांधावरची दुसरी तुटली, आणि तो खरोखरच बोंबलला, "तुटली!" नववीची टिकली. ती दोरी खालच्या रांगेतून आली होती. चित्र नव्यानं काढलं, गेलं, छापून आलं. शेवटी आभाराच्या ओळीत हिरामणचं नाव इंग्रजीत होतं. त्याची लेक निशिगंधा तेव्हा सातवीत होती. तिनं घरी ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं, आणि पुतळानं, म्हणे, त्या कागदाला कुंकू लावलं. पत्र खणातून निघालं. हिरामण कायम झाला.

सातव्या गालाची बरणी मात्र सुनयनाबाईंनी फेकली नाही. 'बाद' लिहून कपाटात मागे सारली.

केसाची गोष्ट पुतळाला कळली ती थेट निशिगंधाच्या हळदीत, आठ वर्षांनी. मोरखारला मांडवात डीजे दणदणत होता. पानात भाकऱ्या वाढता वाढता हिरामणनंच रंगवून सांगितली, आणि बायका पोट धरधरून हसल्या. पुतळा हसली नाही. ठेंगणी, ठसठशीत बाई, हळदीनं पिवळी झालेली. ती सुनयनाबाईंसमोर येऊन बसली.

"माजा केस घुशीच्या गालान हाय? अजून?"

"बरणीत आहे. फॉर्मॅलिनमध्ये. काही होत नाही त्याला."

"त्याला नाय हो, माला. आमी केस विंचरला त गलालेला गुंडालतो, थुकतो, मंग टाकतो. कोनाच्या घरान ठेवत नाय. तुमी त घुशीच्या तोंडान ठेवलाय."

"पुतळा, अगं केस मेलेला असतो. त्याला काही कळत नाही."

"मंग घुशीला मिशीनं कसा कलते?"

"मिशीला नाही कळत. मिशीच्या मुळाला कळतं."

"मंग माज्या केसाचा मूल माज्या डोक्यान हाय," पुतळा म्हणाली. "आनून द्या."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न कुठल्या विद्यार्थ्यानं टाकला नव्हता. सुनयनाबाई हरल्या आणि हसून म्हणाल्या, "पुढच्या वेळी घेऊन येते."

जाताना हिरामण त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आला. "म्याडम, तिला बोलू द्या. तो काढू नका."

"का रे? आठ वर्षांपूर्वी मी त्याच केसावरून तुला वाट्टेल ते बोलले होते."

"नववी बरनी तुमची. तुमी सांगितला तसा मी केला. सातवी माजी हाय. तिच्यान माजा हात दिसते." मग मिशीवरून पालथी मूठ फिरवत म्हणाला, "गाठ बगा कदी नीट. तशी गाठ आता मालाही नाय जमाची."

तेव्हाच त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या. साखर होती, वर्षानुवर्षं तपासलीच नव्हती. पुढे बोटांची टोकं पार बधिर झाली. गरम टोप उचलायचा आणि भाजल्याचं दुसऱ्यानं सांगायचं. दुर्बिणीवरून त्याला सुनयनाबाईंनी भांडाराच्या किल्ल्यांवर नेमलं. तिथूनच तो निवृत्त झाला. पुतळाचं म्हणणं वेगळं होतं. तिनं ते एकदाच बोलून दाखवलं. "माजा केस तिकरं अडकला, त्याच्या बोटांचा कलाचा गेला." सुनयनाबाईंनी तिला साखर, नसा, सगळं समजावलं. पुतळानं मान डोलावली आणि विचारलं, "पन केस कवा आनताव?"

त्या आणणार होत्या. दर खेपेला आणणारच होत्या. एकदा बरणी कॉलेजातच राहिली, एकदा कपाटाची किल्ली मिळाली नाही, एकदा चक्क विसरल्या. खोटं कशाला बोला?

मग कॉलेजनं बरण्यांचं संग्रहालय मोडलं. आता सगळं पडद्यावर, रबराच्या नमुन्यांवर. नववी बरणी झाकण सैल होऊन कधीच सुकून गेली होती. जिच्यावरून चित्र छापलं ती घूस म्हणजे एक काळा चुरा. सुनयनाबाई शेवटच्या दिवशी जाऊन 'बाद' लिहिलेली तेवढी उचलून आल्या, शालीत गुंडाळून, रिक्षानं. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मुलीनं विचारलं, "काकू, लोणचं?" त्या म्हणाल्या, "हो, मुरतंय."

आणि या माघात हिरामण गेला.

मंगळवारी सकाळी त्यांनी टेबलावर जाडं पांढरं कापड पसरलं. ताटली, दोन सुया, मोठं भिंग, हातमोजे. खिडक्या उघड्या टाकून गाल बाहेर काढला. बांधावरची दुसरी शोधायला वेळ लागला नाही. केस तसाच काळा, तसाच चमकणारा. पुतळाचं डोकं कधीच पांढरं झालं होतं, हा मात्र एकेचाळीस नाहीतर बेचाळीस वर्षांच्या बाईचा केस होता. आणि टोकाला गाठ. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती चिडल्याशिवाय बघितली. जाळ्याचीच गाठ, पण वाळूच्या कणाएवढी, दोन्ही टोकं आत वळवून दडवलेली. माणसाच्या बोटांनी असं काही करता येतं?

सुटणार होती ती. एका सुईनं धरायचं, दुसरीनं ओढायचं, बस. हात थरथरला असं म्हणता आलं असतं. पण हात थरथरत नव्हता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो अगदी स्थिर होता, मेला.

दुसराही एक मार्ग होता. घरकामाला येणाऱ्या मुलीचे केस काळे होते. एक केस कागदात गुंडाळून नेला असता तर पुतळाला कुठून कळणार होतं? हा विचार सुनयनाबाईंच्या मनात आला आणि त्यांचे कान तापले. हिरामणला ज्यासाठी एवढं बोलल्या, त्याहून हे वाईट होतं. त्यानं निदान स्वतःहून सांगितलं होतं.

त्यांनी गाल परत बरणीत सोडला, झाकण मेणानं बंद केलं, बरणी जुन्या टॉवेलात आणि टॉवेल पिशवीत घातला. गाडी बोलावली. अख्खी बरणीच पुतळाच्या हातात द्यायची, तिचा केस, तिचा नवरा, तिनं काय करायचं ते करावं. असं ठरलं तेव्हा त्यांना फार शहाणपणाचं वाटलं.

गव्हाण फाट्याला न्हावा शेव्याच्या कंटेनरची रांग लागली होती. गाडी थांबली. पिशवी मांडीवर. तेवढ्यात निशिगंधाचा फोन.

"मॅडम, कुठवर आलात? आईनं भाकऱ्या टाकल्यात. सुकटपण केलीय, तुम्हाला आवडते ना."

"फाट्याला आहे गं. अख्खी बरणीच आणतेय."

"आणा ना, काही टेन्शन नाही. आईनं बाबांची जाळ्याची सुई पण काढून ठेवलीय धुवून. म्हणते, त्यांनी मारलेली गाठ आहे, मीच सोडवते."

सुनयनाबाईंनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी जवळ ओढली. पलीकडून पुतळाचा आवाज आला, "म्याडमबायना सांग, भाकरी गरम हाय तवर या."

"हॅलो? मॅडम?"

"इथे भयंकर ट्रॅफिक आहे," सुनयनाबाई म्हणाल्या. "आज नाही जमायचं. पुढच्या मंगळवारी येते."

फोन ठेवून त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. तो आरशातून बघत म्हणाला, "रांग सुटली ना आता, आज्जी. दहा मिनिटांत पोचू."

"वळव म्हटलं ना!"

घरी येऊन त्यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि कालचं पत्र तिच्याखाली. पुढच्या मंगळवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी निशिगंधाचा फोन तीनदा वाजला आणि तीनदा वाजून थांबला.